चोवीस लाख अंकांची संख्या

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

एकोणचाळिसाव्या वर्षी रोजनिशी लिहायला बसलोय म्हणून मंदा हसली. आता हे काय नवीन, म्हणाली.

नवीनच आहे. गेल्या जूनमध्ये अमेरिकेत एका माणसाच्या साध्या संगणकानं वीस लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या शोधून काढली. आपल्याकडं पेपरात ती बातमी शेवटच्या पानावर चार ओळींत आली. मी ती कापून पाकिटात ठेवली. हा शोध हजारो लोक मिळून करतात. ज्याच्याकडं संगणक आहे त्यानं एक संख्या मागून घ्यायची, आपल्या मशीनवर तपासायची आणि उत्तर कळवायचं. विद्यापीठ लागत नाही, पदवी लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही.

चौदा वर्षं झाली या कॉलेजात गणित शिकवतोय. पीएच.डी. अर्धवट राहिली, त्याला कारणं होती, पण आता मलाच ती कारणं ऐकायचा कंटाळा येतो. बिद्रीकडच्या आमच्या गावात मी अजून 'गणितात पहिला आलेला विश्वजित' आहे. ते मॅट्रिकचं. त्यानंतर मी कशात पहिला आलो, हे कुणी विचारत नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

काल राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन तो प्रोग्राम उतरवून घेतला. एका फ्लॉपीत मावला.

२१ नोव्हेंबर

तेजस्वीला पाटीवर समजावून सांगितलं. पाचवीतल्या आपल्या मुलीला कळलं म्हणजे मला नीट कळलंय असं धरतो.

दोनाला दोनानं पुन्हा पुन्हा गुणायचं आणि शेवटी एक वजा करायचा. पाच वेळा दोन घेतले की बत्तीस, एक वजा, एकतीस. मूळ संख्या. एकतिसाला एक आणि एकतीस सोडून कशानंच भाग जात नाही. पण अकरा वेळा दोन घेतले की २०४७ येतात आणि त्याला तेवीसनं भाग जातो. म्हणजे ओळखायचं कसं? लहान असेल तर भाग लावून बघता येईल. चोवीस लाख अंकांच्या संख्येला कशाकशानं भाग लावणार?

त्यासाठी एक सुंदर रीत आहे. चारपासून सुरू करायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. पुन्हा तेच. एकतिसासाठी चार, चौदा, आठ आणि मग शून्य. ठरलेल्या पायरीवर शून्य आलं की संख्या मूळ. दुसरं काहीही आलं की नाही.

तेजस्वी म्हणाली, "म्हणजे शून्य मिळालं की आपण जिंकलो?"

तिला म्हटलं, शून्यासाठी एवढी धडपड जगात दुसरीकडं कुठं होत नसेल.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. मधल्या एखाद्या पायरीवर चूक झाली तर पुढची प्रत्येक पायरी चुकते, आणि बघणाऱ्याला ती बरोबर असल्यासारखीच दिसते.

६ डिसेंबर

मला मिळालेल्या संख्येसाठी असल्या ऐंशी लाखांहून जास्त पायऱ्या आहेत. गणित विभागातलं आमचं जुनं मशीन सहा महिने घेईल. आणि मूळ निघण्याची शक्यता हजारात एकही नाही. एक मशीन घेऊन बसणं म्हणजे एकच तिकीट काढून लॉटरीची वाट बघणं.

खालच्या मजल्यावरच्या नव्या लॅबमध्ये सोळा पेंटियम मशीन आली आहेत. दिवसा मुलं त्यावर टायपिंग शिकतात. साडेपाचला लॅब अटेंडंट संघर्ष मेन स्विच खाली ओढतो, कुलूप लावतो आणि किल्ली ऑफिसात देतो. प्राचार्यांचा तसा लेखी आदेश आहे, यूपीएसवर रात्रीचा भार टाकायचा नाही म्हणून. प्रॅक्टिकल घेतो म्हणून एक किल्ली माझ्याकडंही असते.

सोळा मशीन रात्रभर गार पडून असतात. हे बघवत नाही, एवढंच लिहितो.

१३ डिसेंबर

केलं. सोळाही मशीनवर प्रोग्राम टाकला, पडद्यावर त्याची खूण दिसू नये अशी सोय त्यातच आहे. संध्याकाळी सातला फिरायला म्हणून बाहेर पडतो, मेन वर करतो, कुलूप लावून परत. सकाळी साडेसातला जाऊन बंद करतो. संघर्ष नऊला येतो. शनिवारी चालू केलं की थेट सोमवारी सकाळी बंद.

मुलांच्या कामात अडथळा येत नाही. कुणाचं काही नेत नाही. प्राचार्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि का नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून विचारलं नाही.

१७ जानेवारी २०००

संघर्ष विचारत होता, "सर, सकाळच्या पारी मशीनं कोमट का लागत्यात?"

पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं, म्हणालो. त्यानं खिडकीला जाड पडदा लावून घेतला, स्वतः खिळे ठोकून.

पोरगा चांगला आहे. शाहूवाडीकडचा, मलकापूरच्या पुढं त्याचं गाव. आयटीआयला वायरमनचा कोर्स केलाय. तीन वर्षं हंगामी आहे, जूनमध्ये कायम करण्याची ऑर्डर निघणार आहे. नवं लग्न झालंय, बायको निशा. कॉलेजसमोरच्या चाळीत एका खोलीत राहतात. हात लावील ते काम नेटकं करतो. प्रत्येक प्लगवर त्यानं नंबर लिहिलेत.

वॉचमन आकाराम मला रोज संध्याकाळी गेटवर सलाम करतो. हल्ली तो कुठं जाताय विचारत नाही. सवय झाली असणार.

२४ फेब्रुवारी

सगळ्यात पुढं असलेली मशीन निम्म्याच्या पुढं गेली आहेत. विभागातल्या जुन्या मशीनची संख्या मात्र मागं राहिली होती, म्हणून तिच्या फाइल्स लॅबमधून पुढं नेऊन परत आणल्या. आता तीही मेपर्यंत संपेल.

आज संघर्षनं प्राचार्यांना सांगितलं की यूपीएसच्या बॅटऱ्यांना वास येतोय, कंपनीचा माणूस बोलवा. प्राचार्य म्हणाले, वर्षही झालं नाही, कसला वास. तिथंच बसलो होतो. वास मलाही आला होता. प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी खांदे उडवले.

थोडे दिवस थांबायला हवं. पण आत्ता थांबलो तर सलग चाललेलं काम तुटेल. मार्चअखेर बघू.

१२ मार्च, रविवार

लॅब जळाली.

सकाळी दहाच्या सुमारास. यूपीएसनं पेट घेतला, तिथून टेबलं, पडदा. संघर्षला समोरच्या चाळीतल्या त्याच्या खोलीच्या दारातून धूर दिसला. तो धावत आला, कुलूप तोडलं, आधी मेन ओढला मग वाळूच्या बादल्या टाकल्या. बंब येईपर्यंत त्यानंच आग आटोक्यात आणली. दोन्ही तळहात भाजलेत. सीपीआर दवाखान्यात ठेवलंय.

मला अकराला निरोप आला. गेलो तर पाण्यात काळी मशीन उभी होती. त्याचे नंबर घातलेले प्लग वितळून भिंतीला चिकटले होते.

पहिला विचार कुठला आला ते इथं तरी खरं लिहितो. फाइल्स गेल्या, असा आला. संघर्षचे हात मला दवाखान्यात गेल्यावर आठवले.

१४ मार्च

विम्याचा माणूस येऊन गेला. त्याचं म्हणणं, आगीच्या वेळी सगळी मशीन चालू होती, मेन वर होता. म्हणजे शनिवारी संध्याकाळी तो बंद केलाच नव्हता.

शनिवारी सात वाजता तो मी वर केला होता.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही चौघे विभागप्रमुख होतो. ते म्हणाले, ही पोरं कोट्यातून येतात, मग जबाबदारी कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नसतं. मला ते आवडलं नाही. विषय वाढू नये म्हणून गप्प बसलो. बाहेर आल्यावर वाटलं, विषय वाढायला हवा होता. पण मग तो कुठपर्यंत वाढला असता.

चौकशी समिती नेमली आहे. समितीत मी नाही. कुणी मला काही विचारलेलं नाही.

१९ मार्च

संघर्ष घरी आला होता. दोन्ही हातांना बँडेज, शर्टाची बटणं निशानं लावून दिलेली. मंदानं चहा बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावला. मी खिडकीशी उभा होतो.

तो म्हणाला, "सर, मी शनिवारी बंद केलतं की. हातानं मेन खाली वडला, मग कुलूप लावलं. मला डोळ्यापुढं दिसतंय. पण आगीच्या वक्ताला मेन वरच हुता, मीच तर वडला. मग मला दिसतंय ते कुठल्या दिवसाचं हाय?"

मी खिडकीची कडी लावली.

"तुम्ही शिकलेलं हाय. सांगा की. माणूस असं इसरतो का? मी इसरलो असंन का?"

मी म्हणालो, "रोज एकच काम केलं की दिवस एकमेकांत मिसळतात, संघर्ष. होतं असं माणसाचं."

त्यानं बँडेजकडं बघितलं. मग म्हणाला, हां, तसंच झालं असंल.

खोटं असं एकही वाक्य मी बोललो नाही. दिवस मिसळतात. माणसाचं असं होतं. तो गेल्यावर दोनदा हात धुतले, का ते माहीत नाही.

२७ मार्च

संघर्षनं समितीपुढं लिहून दिलं की मेन बंद करायला मी विसरलो असेन. समिती म्हणते, त्यानं कबूल केलं म्हणून पोलिसात देत नाही. एक एप्रिलपासून काम बंद.

त्याला कबूल करायला कुणी सांगितलं, असं प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, कुणीच नाही, स्वतःहून आला, म्हणाला एका सरांशी बोलल्यावर डोक्यात उजेड पडला.

२ एप्रिल

आज ठरवलं. विभागातल्या जुन्या मशीनवर एकच संख्या उरली आहे, ती मेमध्ये संपेल. शून्य आलं तर जगाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या कोल्हापुरात सापडलेली असेल. मग सगळं सांगून टाकायचं. लॅब का चालू होती, कुणी चालू केली, सगळं. त्या दिवशी कुणीही रागावणार नाही. प्राचार्य हार घेऊन येतील. मी म्हणेन, हार संघर्षला घाला. त्याला परत घ्यायला लावीन.

म्हणजे मी सांगणार नाही असं नाही. सांगणार आहे. योग्य वेळी.

हे लिहिल्यावर पुष्कळ दिवसांनी जेवण गेलं.

३ एप्रिल

संघर्ष आणि निशा खोली सोडून गावी गेले. एस.टी. स्टँडवर सोडायला जावं असं मनात होतं. पेपर तपासायचे होते.

गेटवर आकारामनं हल्ली सलाम करणं सोडलंय. मी आलो की तो खुर्ची उलटी फिरवून रस्त्याकडं बघत बसतो. त्याचं घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

३० एप्रिल

मशीनपाशी खुर्ची टाकून बसतो. आकडा पुढं सरकताना बघत. गणितात मागणं नसतं. एखादी संख्या मूळ असते किंवा नसते, ती कालही होती, माणूस जन्माला यायच्या आधीही होती. माझ्या बसण्यानं तिच्यात काडीचा फरक पडत नाही. हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय. तरी आज तिच्याशी बोलत होतो.

१९ मे

दुपारी संपलं.

बाकी शून्य नाही. कशाचा काही अर्थ लागत नाही अशी अक्षरं आणि आकडे. संख्या मूळ नाही.

ती कशानं भागली जाते हे ही रीत सांगत नाही. भाग जातो एवढंच सांगते. कुठल्यातरी दोन संख्यांनी मिळून ती तयार झालेली आहे, त्या दोन कुठल्या हे माझ्या आयुष्यात कुणाला कळेल असं वाटत नाही.

तेजस्वीनं विचारलं, जिंकलो का? नाही म्हणालो. ती म्हणाली, मग दुसरी घ्या.

२२ मे

उत्तर कळवलं. पण एका मशीनचं उत्तर पक्कं धरत नाहीत. वर्षा-दोन वर्षांत दुसरं कुणीतरी दुसऱ्या मशीनवर तीच संख्या पुन्हा तपासतं, दोन्ही बाक्या जुळल्या तरच प्रश्न मिटतो. आमचं मशीन जुनं, मध्ये फाइल्सही हलवल्या होत्या. एखाद्या पायरीवर चूक झालेली असू शकते. म्हणजे संख्या अजूनही मूळ असू शकते.

तेव्हा अजून थांबायला हरकत नाही.

(वरचं वाक्य संध्याकाळी पुन्हा वाचलं. खोडणार नाही. असू दे.)

२८ जून

निशा आली होती. संघर्षचा अनुभवाचा दाखला घ्यायला कॉलेजात आली, तिथं तिला आज या, उद्या या करत होते. मंदा तिला बाजारात भेटली आणि घरी घेऊन आली.

संघर्षचे हात बरे झालेत, कातडी नुसती आखडलीय. पण तो वायरिंगचं काम घेत नाही. मलकापुरात एका दुकानदारानं पाण्याची मोटर जोडायला बोलावलं, तर सगळं जोडून झाल्यावर तिथंच बसून राहिला. म्हणाला, मी काय जोडलंय ते मला सांगता येत न्हाई, कुणाला झटका बसला तर. दुकानदारानं दुसरा माणूस आणला, त्यानं बघितलं, सगळं बरोबर होतं. तरी त्याला पटलं नाही. घरी चुलीतला विस्तव विझला का बघायला शेतातून परत येतो. निशाला विचारतो, मी आज जेवलोय का.

ती म्हणाली, "सर, त्यांचं डोकं कामातनं गेलंय का हो? मलकापूरच्या डॉक्टरनं झोपंच्या गोळ्या दिल्यात. तुमच्या वळखीचा कुणी मोठा डॉक्टर हाय का, इसरण्यावरचा?"

मी टेबलाशी जाऊन ताराबाई पार्कातल्या मानसोपचार तज्ज्ञांचं नाव आणि पत्ता चिठ्ठीवर लिहिला. अक्षर चांगलं काढलं. तिनं ती चिठ्ठी रुमालात बांधली आणि माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं, कारण मागं सरकायचं सुचलं नाही.

ती गेल्यावर मंदा कपबशा उचलत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या बाईच्या हातात डॉक्टरचं नाव दिलंत तुम्ही."

मी म्हटलं, मग काय द्यायला हवं होतं?

"आगीच्या आदल्या दिवशी सात वाजता तुम्ही फिरायला गेलता. चप्पल घालताना खिशात किल्ल्या वाजल्या. फिरायला जाणारा माणूस लॅबच्या किल्ल्या कशाला नेतो, हे मी मार्चपासून स्वतःलाच विचारतीय. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली."

ती आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१ जुलै

प्राचार्यांना सांगितलं. दार लावून घ्यायला लावलं आणि उभ्यानंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

म्हणाले, "कसली संख्या?"

सांगितली.

"तिचा उपयोग काय?"

काही नाही, म्हणालो.

मग ते बराच वेळ विम्याबद्दल बोलत राहिले. विमा कंपनीनं हंगामी कामगाराचा निष्काळजीपणा धरून पैसे मंजूर केलेत, आता कायम नोकरीतल्या प्राध्यापकानं आदेश मोडून केलेलं निघालं तर सगळं परत उघडेल. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "तोंडी असेल तर मी ऐकलं नाही. लेखी दिलंत तर मला कारवाई करावी लागेल. घरी जाऊन विचार करा. तुमची मुलगी लहान आहे."

विचार करायला घरी गेलो असतो तर काय झालं असतं ते मला आता ठाऊक आहे. त्यांच्याच टेबलावर लिहून दिलं. सही केली, आणि त्यात पश्चात्ताप किती आणि भीती किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

५ जुलै

समितीची बैठक झाली. मी निलंबित. संघर्षवरचा ठपका मागं घेतल्याचं पत्र पोस्टानं जाईल म्हणाले. प्राचार्य म्हणाले, तुम्ही त्याला भेटायला जायची गरज नाही, पत्रात सगळं आहे.

वाटलं, बरं झालं. पत्रच जाऊ दे. अर्धा दिवस तसं वाटत राहिलं.

९ जुलै, रविवार

सकाळच्या गाडीनं मलकापूर, तिथून वडापच्या जीपनं गावापर्यंत. पाऊस थांबून थांबून पडत होता. घर विचारत गेलो. संघर्ष पडवीत दोरी वळत बसला होता. मला बघून ताडकन उठला, "सर, या की," म्हणाला, आणि निशाला चहा ठेवायला सांगितलं. पत्र अजून पोचलं नव्हतं.

येताना गाडीत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "संघर्ष, त्या शनिवारी तू मेन बंद केला होतास. सात वाजता येऊन मी चालू केला."

त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"म्हंजे मी बंद केलतं?"

"हो."

"परत सांगा."

परत सांगितलं. तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि तळहात उघडून त्याकडं बघू लागला. मग आत हाक मारली, "निशा. ए निशा. हिकडं ये. मी बंद केलतं."

निशा दारात आली. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं कमरेचा रुमाल सोडला, त्यातली चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चहा तिनं केला नाही.

"कशापायी, सर?" संघर्षनं विचारलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

एका संख्येसाठी, म्हणालो. फार मोठी. ती मूळ आहे का बघायचं होतं.

"निघाली?"

"नाही."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्यासाठी तयार होऊन आलो होतो. पण तो म्हणाला, "मी तुमच्या घरात आलो आन् तुमास्नी इचारलं. तवा तुमी म्हणला, माणसाचं हुतं असं. तेवढं नव्हतं म्हणायचं, सर. नोकरी गेली तर गेली असती."

मी माफी मागितली. ती त्यानं ऐकली, घेतली की नाही ते कळलं नाही.

मग तो उठला. "माझ्या आबास्नी सांगा. आबास्नी वाटतंय मी दारू घिऊन इसरलो. मी कवा शिवलो बी न्हाई. चार महिनं झालं, बोलत न्हाईत माझ्यासंगं. चला."

त्याचे वडील अण्णासो शेतात होते. रोप लावण चालली होती. आठ-दहा बायका वाकून चिखलात भाताचं रोप लावत होत्या आणि म्हातारा पलीकडच्या वाफ्यात चिखल करत होता. बांधाशी आल्यावर संघर्ष म्हणाला, "कमी ऐकू येतं त्यास्नी. मोठ्यानं बोला."

मी बांधावरून बोललो. म्हाताऱ्यानं हात कानाशी नेला. "आं?"

पुन्हा म्हणालो, "संघर्षनं बंद केलं होतं. चूक माझी आहे."

"कोण पावणं म्हनायचं? काय म्हणताय?"

संघर्ष शेजारीच उभा होता. बापाला खुणेनं सांगता आलं असतं त्याला. त्यानं सांगितलं नाही. मी चप्पल काढून चिखलात उतरलो, जवळ गेलो आणि आजवर कुठल्या वर्गात ओरडलो नसेन एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "मी कॉलेजातला मास्तर. आग माझ्यामुळं लागली. तुमच्या पोरानं मेन बंद केला होता. मी चोरून चालू केला. आणि ते चार महिने कुणाला सांगितलं नाही."

बायका वाकलेल्या सरळ झाल्या. हातातलं रोप हातात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांतली एक दुसरीला काहीतरी म्हणाली.

म्हातारा खाली वाकला, वाफ्यातल्या पाण्यात हात धुतले आणि बांधाकडं चालत गेला. संघर्षचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले, उलटे केले, आखडलेल्या कातडीवरनं अंगठा फिरवला. बराच वेळ. मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"पयल्याच खेपंला ऐकलं हुतं, मास्तर. ह्या बायकास्नी ऐकू जायला पायजे हुतं."